कोठाराची नऊ सूत्रे : भाष्य

आमच्या बँकेच्या मुख्य कचेरीत सर्व्हरच्या खोलीतल्या रॅकच्या दारावर, आतल्या बाजूला, जुन्या कॅलेंडरचा एक पाठकोरा पुठ्ठा चिकटवलेला आहे. त्यावर निळ्या शाईने नऊ ओळी लिहिल्या आहेत. लिहिणारे माझे पहिले साहेब. ते निवृत्त झाले, रॅक दोनदा बदलला, पण पुठ्ठा आम्ही दर वेळी जपून काढला आणि नव्या दारावर लावला. ओळी इतक्या आखूड आहेत की नव्या माणसाला त्या उमगत नाहीत. गेल्या महिन्यात कामावर आलेल्या मुलीने विचारले, "सर, यातलं गोंदण म्हणजे काय?" तिला जे तोंडी सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो.

विषय थोडक्यात असा. विंडोजच्या जाळ्यातल्या शे-दोनशे संगणकांना एकाच जागेवरून नियम लावता येतात. पेनड्राइव्ह चालू नये, पडदा दहा मिनिटांत कुलूपबंद व्हावा, ब्राउझरने पासवर्ड साठवू नयेत, असे नियम. विंडोज २००० पासून या सोयीला ग्रुप पॉलिसी म्हणतात. कोणकोणते नियम लावता येतात, त्यांची नावे काय, पर्याय कोणते, हे ज्या फाइलींत लिहिलेले असते त्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स. आमच्या बोलण्यात 'एडीएमएक्स फाइल' किंवा नुसते 'टेम्प्लेट'. साहेबांनी 'साचा' लिहिले. सगळे साचे जिथे ठेवतात त्या सेंट्रल स्टोअरला ते 'कोठार' म्हणत.

१. साचा म्हणजे आज्ञा नव्हे.

ही ओळ पहिली आहे, कारण ती चुकली की पुढच्या आठही चुकतात. पेनड्राइव्हचेच उदाहरण घेऊ. नियम लावण्याच्या प्रोग्रामच्या, म्हणजे संपादकाच्या, खिडकीत 'ऑल रिमूव्हेबल स्टोरेज क्लासेस : डिनाय ऑल ॲक्सेस' हा नियम दिसतो. त्याचे नाव, शेजारचा स्पष्टीकरणाचा परिच्छेद आणि तो कोणत्या फांदीवर दिसावा ही जागा, हे सगळे 'रिमूव्हेबलस्टोरेज' नावाच्या साच्यातून येते. आपण 'एनेबल्ड' निवडून ओके दाबतो. त्या क्षणी साच्यात काहीही लिहिले जात नाही. लिहिले जाते ते 'रजिस्ट्री डॉट पोल' नावाच्या वेगळ्याच छोट्या फाइलीत: रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली) अमुक जागा, तिथले 'डिनाय ऑल' हे नाव, आणि किंमत १. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीला 'पीरेग' ही चार अक्षरे दिसतात आणि पुढे चौकटी कंसांत नोंदींची रांग. शाखेतला संगणक येऊन नेतो ती ही फाइल. साच्याकडे तो कधी बघतसुद्धा नाही.

यावर शंका येते: असे असेल तर साचे पुसले म्हणून काय बिघडले? शाखेत खरोखरच काही बिघडत नाही, पेनड्राइव्ह बंदच राहतो. बिघडते ते लिहिणाऱ्याचे. त्याला आपलेच लिहिलेले वाचता येत नाही.

हे मी स्वतः करून बसलो होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कोठाराची साफसफाई करायची म्हणून मी जुना फोल्डर काढला आणि विंडोजच्या ताज्या पॅकेजमधला फोल्डर तिथे ठेवला. त्यात क्रोमचे साचे नव्हते, कारण ते गूगलकडून वेगळे आणावे लागतात आणि ते दोन असतात: एक 'क्रोम' आणि ज्यावर तो टेकलेला असतो तो 'गूगल'. चार दिवस कुठल्याही शाखेतून फोन नाही. पाचव्या दिवशी तपासनिसांनी नियमांचा अहवाल मागितला. मी तो काढला, आणि ब्राउझरचे वीस-बावीस नियम 'एक्स्ट्रा रजिस्ट्री सेटिंग्ज' या मथळ्याखाली उघडेबोडके पडलेले दिसले. नाव नाही, स्पष्टीकरण नाही, नुसते रजिस्ट्रीतले लांबलचक पत्ते आणि त्यांच्यापुढे ० किंवा १. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "इथे एक म्हणजे चालू की बंद?" मला सांगता येईना. नियम मीच लावलेला होता.

साहेबांनी बॅकअपमधून दोन साचे आणि त्यांच्या जोडीच्या भाषेच्या दोन फाइली परत ठेवल्या, अहवाल पुन्हा काढला, आणि सगळी नावे जागच्या जागी परत आली. शाखांतल्या एकाही संगणकाला यातले काही कळले नाही. आज्ञा जिवंत होती, फक्त तिची लिपी हरवली होती.

२. कोठार एकच ठेवा.

'एकच' या शब्दामागे जुना इतिहास आहे. २००७ च्या सुरुवातीला व्हिस्टा बाजारात येईपर्यंत साच्यांची जात वेगळी होती. त्यांना एडीएम म्हणत. त्यांचा रिवाज असा की नवा नियमसंच, म्हणजे एकत्र लावायच्या नियमांचा गठ्ठा, केला की सगळ्या साच्यांची एकेक प्रत त्या संचाच्याच फोल्डरमध्ये जाऊन बसे. एका संचामागे सुमारे ४ एमबी. आज हा आकडा किरकोळ वाटतो, पण शंभर संच असतील तर ४०० एमबी झाले, आणि हे ओझे सिसव्हॉल नावाच्या सामाईक फोल्डरमधून प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे जाळे सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, उतरायचे. तालुक्याच्या शाखेपर्यंत बारीक लीज लाइन असण्याचा तो काळ.

जागेपेक्षा मोठा धोका दुसराच होता. एखाद्याने आपल्या नव्या संगणकावरून एखादा संच नुसता बघायला उघडला, तरी संपादक तारखा ताडून पाही. संगणकावरचा साचा ताजा असेल तर तो गुपचूप संचातल्या जुन्या साच्यावर चढवला जाई. बघणाऱ्याने काहीही बदललेले नसे, तरी संच बदललेला असे आणि ती प्रत साऱ्या जाळ्यात फिरायला निघे. हे मूळ रचनेतलेच वैगुण्य होते, आणि ते दूर झाले ही माझ्या लेखी व्हिस्टाची सर्वांत कमी बोलली गेलेली देणगी आहे. एडीएमएक्स साचे संचात जात नाहीत. ते एका जागी राहतात आणि सगळे संपादक तिथेच येऊन वाचतात.

३. कोठार आपोआप होत नाही.

नवे डोमेन उभे केले तरी कोठार तयार मिळत नाही. सिसव्हॉलच्या आत डोमेनच्या नावाच्या फोल्डरमध्ये 'पॉलिसीज', आणि त्यात 'पॉलिसीडेफिनिशन्स' हा फोल्डर आपल्या हाताने करावा लागतो. तो नसेल तर प्रत्येक संपादक आपापल्या संगणकावरच्या विंडोज फोल्डरमधले साचे वाचतो. मग साहेबांच्या संगणकावर एक नियम दिसतो, माझ्यावर दिसत नाही, आणि दोघेही आपलेच खरे म्हणतात.

एकदा कोठार झाले की संपादक स्थानिक साचे वाचणे सोडून देतो. कुठून वाचतोय ते तो सांगतोही: 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स' या फांदीपुढेच साचे सेंट्रल स्टोअरमधून आणल्याचे किंवा स्थानिक संगणकावरून आणल्याचे लिहिलेले असते. संपादक उघडल्यावर पहिली नजर तिथे जावी, ही सवय मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी लावतो. कोठार असूनही स्थानिक साचेच वाचायला लावणारी एक रजिस्ट्रीतली नोंद आहे. नवा साचा कोठारात घालण्याआधी एकाच संगणकावर पडताळून पाहायला ती उपयोगी पडते. पडताळणी झाली की ती काढावी.

४. जुन्यावर नवे ओतू नका.

या एका ओळीवर आमच्या खात्यात सर्वांत जास्त वाद झाले आहेत, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

विंडोजची नवी आवृत्ती आली की तिच्यासोबत साच्यांचे नवे पॅकेज येते. आता त्यात दोनशेहून अधिक साचे असतात. सोपा मार्ग म्हणजे सगळे निवडायचे, कोठारात टाकायचे आणि 'रिप्लेस ऑल' दाबायचे. साहेबांची रीत वेगळी होती. कोठाराशेजारी आवृत्तीचे नाव जोडलेला दुसरा फोल्डर करायचा. त्यात नवे पॅकेज भरायचे. मग बाहेरचे साचे, म्हणजे ऑफिस, क्रोम, फायरफॉक्स आणि आमचे घरचे, एकेक मोजून त्यात घालायचे. सगळे जमले की जुन्या कोठाराचे नाव बदलायचे आणि नव्याला ते नाव द्यायचे. काही चुकले तर पुन्हा नावांची अदलाबदल, की एका मिनिटात पूर्वस्थिती. माझ्या हातून क्रोम गळला तो यातली मोजणी मी केली नाही म्हणून.

ओतण्याच्या बाजूचे म्हणणे असे: जुने साचे राहिले तर बिघडले कुठे, उलट जुन्या संगणकांचे नियमही दिसत राहतात. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते झटकून टाकू नये. नव्या पॅकेजमधून कधीकधी एखादा नियम गळतो, आणि ज्या शाखेत जुनी विंडोज अजून चालू आहे तिथे तो नियम लागू असतो. विंडोज १० आणि विंडोज ११ यांची पॅकेजे तर वेगवेगळीच मिळतात आणि कोठार एकच असते, म्हणजे निवड करावीच लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तोवर आम्ही दोन्ही पॅकेजे ताडून पाहत होतो आणि १० मधलाच म्हणून उरणारा, आमच्या वापरातला नियम कोणता, याची यादी ठेवत होतो.

तरीही मी साहेबांच्याच बाजूचा आहे. ओतलेल्या कोठारात कोणता साचा कुठल्या आवृत्तीचा हे वर्षभरानंतर कोणीही सांगू शकत नाही. जुना साचा ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण आपण ठेवला म्हणून तो तिथे असावा. राहून गेला म्हणून असू नये.

५. बोली पोटात नाही, पाठीशी आहे.

जुन्या एडीएममध्ये नियमाची रचना आणि त्याचे शब्द एकाच फाइलीत कोंबलेले असत. एडीएमएक्सने दोन्ही वेगळे केले. साच्यात फक्त हाडे: रजिस्ट्रीतली जागा, नोंदीचे नाव, कोणती किंमत लिहायची. शब्द जोडीच्या एडीएमएल फाइलीत, आणि ती भाषेच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये. इंग्रजीसाठी तो 'ईएन-यूएस'. नियमाचे शीर्षक, स्पष्टीकरण, अगदी खिडकीतल्या चौकोनापुढची चिठ्ठीसुद्धा तिथून येते.

'पाठीशी' म्हणजे दोघे बरोबरच फिरले पाहिजेत. साचा नवा आणला आणि भाषेची फाइल जुनीच राहिली, की संपादक उघडताना तक्रार करतो: 'डिस्प्लेनेम'मध्ये उल्लेखलेला अमुक मजकूर सापडला नाही. ही तक्रार वाचून लोक साच्यात दोष शोधतात. दोष उपफोल्डरमध्ये असतो.

या विभागणीचा आम्हाला एक सुंदर फायदा झाला. आमच्या घरच्या साच्यासाठी मी भाषेच्या फाइलीत स्पष्टीकरणे मराठीत लिहिली. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली की देवनागरी नीट दिसते. ती ईएन-यूएस याच फोल्डरमध्ये ठेवली, कारण आमच्या संगणकांची भाषा इंग्रजी आहे आणि संपादक तिथेच शोधतो. पासबुक छापण्याच्या यंत्राचा एक नियम आहे. त्याच्या स्पष्टीकरणात आता लिहिलेले आहे: "हा नियम लावल्यास काउंटरवरील कर्मचाऱ्यास प्रिंटर बदलता येणार नाही. शाखाधिकाऱ्यांना आधी कळवावे." तो परिच्छेद पहिल्यांदा संपादकाच्या खिडकीत, इंग्रजी नियमांच्या शेजारी, मराठीत उमटलेला पाहिला तेव्हा मी साहेबांना हाक मारून दाखवला होता.

६. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे नकोत.

प्रत्येक साच्याला फाइलीच्या नावाखेरीज एक आतला पत्ता असतो, टार्गेट नेमस्पेस. फाइलींची नावे वेगळी आणि आतला पत्ता तोच, असे दोन साचे कोठारात आले तर संपादक अडतो. चौथ्या ओळीची आज्ञा मोडणाऱ्यांना हा अनुभव विंडोज १० च्या पहिल्याच आवृत्तीत आला. ठिकाण ओळखण्याच्या सोयीचा साचा आधी 'लोकेशनप्रोव्हायडरएडीएम' या नावाने येत असे. नव्या पॅकेजमध्ये तो 'मायक्रोसॉफ्ट-विंडोज-जिओलोकेशन-डब्ल्यूएलपीएडीएम' या नावाने आला. नाव वेगळे असल्यामुळे 'रिप्लेस ऑल'ने जुना गेला नाही, नवा शेजारी येऊन बसला, आणि संच उघडताक्षणी 'हा नेमस्पेस आधीच दुसऱ्या फाइलीत आहे' असा संदेश येऊ लागला. दोनपैकी एक, त्याच्या भाषेच्या फाइलीसकट, काढला की भागते.

७. 'सांगितले नाही' म्हणजे 'नको' नव्हे.

नियमाच्या तीन अवस्था असतात: नॉट कॉन्फिगर्ड, एनेबल्ड, डिसेबल्ड. पहिलीत हा संच त्या विषयावर गप्प आहे. तिसरीत तो बोलतो आहे, आणि नाही म्हणतो आहे. नियमसंच एका क्रमाने लागू होतात: आधी संगणकाचा स्वतःचा, मग साइटचा, मग डोमेनचा, शेवटी त्या शाखेच्या गटाचा, आणि एरवी नंतर बोलणाऱ्याचे चालते. जो गप्प आहे त्याच्यामुळे आधीच्याचा शब्द टिकतो. जो 'नाही' म्हणतो तो आधीच्याचा शब्द पुसतो.

यात इंग्रजी नावांची अडचण भर घालते. कितीतरी नियमांची नावेच 'टर्न ऑफ' ने सुरू होतात. 'टर्न ऑफ ऑटोप्ले' हा नियम एनेबल केला की ऑटोप्ले बंद होतो. डिसेबल केला म्हणजे बंद करायचे नाही असे सांगितले. आमच्याकडे मी सांगतो की मनातल्या मनात मराठी करून, मोठ्याने वाचा: "ऑटोप्ले बंद करण्याचा नियम: लागू." मग ओके दाबा. २०२१ च्या उन्हाळ्यात छपाईच्या सेवेतली 'प्रिंटनाइटमेअर' ही सुरक्षेतली त्रुटी गाजली, तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून 'अलाउ प्रिंट स्पूलर टु ॲक्सेप्ट क्लायंट कनेक्शन्स' हा नियम लावायचा होता. हे नाव 'अलाउ'ने सुरू होते, म्हणजे इथे डिसेबल करायचे होते. हात घाईत सवयीने एनेबल्डकडे जातो. मी तो तसाच नेला होता, आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने माझा हात धरला.

८. गोंदण धुऊन जात नाही.

त्या मुलीने विचारलेली ओळ ही. रजिस्ट्रीत 'पॉलिसीज' नावाच्या ठराविक चार शाखा ग्रुप पॉलिसीसाठी राखून ठेवलेल्या आहेत. तिथे लिहिलेला नियम संच काढला की आपोआप पुसला जातो. पण साचा कोणीही लिहू शकतो, आणि तो रजिस्ट्रीत इतर कुठेही लिहायला सांगू शकतो. तिथे लिहिलेले संच काढल्यावरही तसेच राहते. इंग्रजीत याला टॅटू म्हणतात. गोंदण हा साहेबांचा शब्द, आणि तो मला जास्त नेमका वाटतो: आजीच्या हातावरचे गोंदण तिच्या लग्नाआधीचे होते आणि शेवटपर्यंत तसेच होते.

आमच्या व्यवहाराच्या प्रणालीचा पुरवठादार आपल्या सर्व्हरचा पत्ता असल्याच एका जागी ठेवत असे. त्याने दिलेल्या साच्यातून आम्ही तो पत्ता शाखांना पोचवला. पुढे सर्व्हर बदलला. आम्ही जुना संच काढून टाकला, आणि नवी स्थापना आपला पत्ता आपणच घेईल असे गृहीत धरले. सोमवारी सकाळी एका शाखेतले अकरा संगणक बंद पडलेल्या सर्व्हरचे दार ठोठावत बसले आणि काउंटरपुढे रांग दरवाज्यापर्यंत गेली. शाखाधिकारी ताईंनी फोनवर आवाज चढवला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "पेन्शनचा दिवस आहे, दादा."

काढायची रीत उलटी आहे. आधी नियम डिसेबल्ड करा, म्हणजे साच्यात तशी सोय असेल तर नोंद पुसण्याचा हुकूम जातो. सगळे संगणक तो घेईपर्यंत थांबा. मगच संच काढा. आणि घरचा साचा लिहिताना ती पुसण्याची सोय पहिल्या दिवशीच लिहा. संपादकात 'मॅनेज्ड' नसलेले नियम वेगळे गाळून पाहता येतात. आम्ही ते दर तिमाहीला पाहतो.

९. इथे लिहिले म्हणजे तिथे पोचले असे नाही.

संपादक सामान्यतः ज्या डोमेन कंट्रोलरवर पीडीसी एम्युलेटरची भूमिका असते त्याच्यावरच लिहितो. तिथून पुढे नियमसंचाचे दोन भाग वेगवेगळ्या वाटांनी जातात: एक ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून, दुसरा सिसव्हॉलच्या फोल्डरमधून. दोन गावांच्या साइटमध्ये डिरेक्टरीची देवाणघेवाण, मुद्दाम बदलली नसेल तर, दर १८० मिनिटांनी. शाखेतला संगणक नियम विचारायला येतो तो ९० मिनिटांनी, आणि सगळे एकदम तुटून पडू नयेत म्हणून त्यात ० ते ३० मिनिटांची भर. काही नियम तर पुन्हा लॉगइन किंवा रीस्टार्ट झाल्याशिवाय लागतच नाहीत. तेव्हा शाखेला फोन करून "झालंय, बघा" असे लगेच सांगू नये. आमच्या डोंगरातल्या शाखेची लाइन पावसात पडते. तिथे मी दुसऱ्या दिवशी सकाळी विचारतो.

साचे मात्र यातल्या एकाच वाटेने जातात, सिसव्हॉलच्या. कोठाराचे नाव बदलल्यावर दुसऱ्या डोमेन कंट्रोलरवर जाऊन तिथल्या फोल्डरमधल्या फाइली मोजाव्यात. दोन्हीकडचा आकडा जुळला की पुठ्ठ्याच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर तारीख, पॅकेजची आवृत्ती आणि फाइलींचा आकडा लिहायचा. वरच्या नोंदी साहेबांच्या निळ्या शाईत आहेत, त्याखालच्या माझ्या पेन्सिलीत. शेवटची, परवाची, त्या मुलीच्या अक्षरात आहे. आकडा तिने दोनदा मोजला आणि दोन्ही वेळचा लिहिला.